खाते तर एवढंसं, मग रिपोर्ट असे का आले?

शुभदा_पोळीभाजी

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, आज पहिल्यांदाच लिहिते आहे. वय ४४. डोंबिवली पूर्वेला माझं पोळी-भाजी केंद्र आहे, बारा वर्षं झाली. हाताशी दोघी जणी आहेत. रोजच्या साडेतीनशेच्या आसपास पोळ्या, दोन भाज्या, एक आमटी.

मागच्या आठवड्यात सोसायटीत तपासणी शिबिर होतं. मैत्रिणीने हात धरून नेलं म्हणून रक्त दिलं. उपाशीपोटी साखर ११२, तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीए१सी ६.२, ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातली चरबी २१०, चांगलं कोलेस्टेरॉल ३८. वजन ५८ किलो, उंची पाच फूट एक इंच. रस्त्यात बघून मला कुणी जाड म्हणणार नाही. पोट तेवढं सुटलंय, टेपने मोजलं तर कंबर ८८ सेंटीमीटर भरली.

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, गोड बंद, तुपकट-तेलकट बंद, चालायला लागा. पुढचा पेशंट दारात उभाच होता. मी काही विचारलं नाही, पण घरी येऊन रडले. गोड मला आवडतच नाही. श्रीखंड असलं तरी चमचाभर घेते. तूप सहा वर्षांपूर्वी सोडलं. आणि दिवसाचे दहा-अकरा तास मी उभी असते. मग माझं नक्की काय चुकतंय?

दिवस कसा जातो ते सांगते. पहाटे चारला उठते. सव्वाचारला पहिला चहा, त्यात बुडवून दोन मारी बिस्किटं. पाचला गाळा उघडतो. साडेपाचला दोघी आल्या की सगळ्यांचा मिळून चहा. आठला ऑफिसवाल्यांचे डबे गेले की चहा. अकराला एक. नाश्ता असा बसून कधी होत नाही. एखादी पोळी फाटली, एखादी करपली, ती गिऱ्हाइकाला देता येत नाही. भाजीच्या कढईत टेकवून ती तोंडात टाकते. गॅसपुढे घसा कोरडा पडतो, पण पाणी जपून पिते, कारण संडास चाळीच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि तवा सोडून जाता येत नाही. दुपारी साडेतीनला घरी येऊन आमटी-भात. पाचला चहा. संध्याकाळचं काम साडेपाच ते नऊ, त्यात आणखी एक चहा. मिस्टर फोर्टला असतात, लोकलने यायला त्यांना पावणेदहा-दहा होतात. ते आल्यावर साडेदहाला एकत्र जेवतो. माझ्या तीन पोळ्या, भाजी, वर थोडा आमटी-भात. सव्वाअकराला पाठ टेकते.

शेजारची म्हणते, चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतंच, त्याला काही इलाज नाही. खरंच तसं असतं का?

इतकी घाबरले आहे त्याला कारण आहे. माझ्या आईला बावन्नाव्या वर्षी मधुमेह निघाला. पायाच्या बोटाला चप्पल लागून जखम झाली, ती तिने मोजा घालून तीन आठवडे लपवली, आम्हाला त्रास नको म्हणून. शेवटी दोन बोटं काढावी लागली. रोजचं ड्रेसिंग मी करायचे. तो वास अजून नाकातून गेलेला नाही.

कुणी नीट समजावून सांगेल का?

---

रातराणी_चालक

शुभदाताई, आधी डोळे पुसा. तुमचा आकडा अजून वेशीवर आहे, गावात शिरलेला नाही.

मी साताऱ्याचा, एसटीत चालक आहे, सतरा वर्षं झाली. माझीही उपाशीपोटी साखर ११८ निघाली होती, आणि मीही बायकोला हेच म्हणालो होतो, की मी खातो कुठे? तिने एकच विचारलं, चहा किती घेता? मी म्हणालो, चार-पाच. ती म्हणाली, उद्यापासून प्रत्येक चहाला खिशात एक शेंगदाणा टाका. रात्री खिसा उलटा केला, अकरा शेंगदाणे निघाले. गाडी स्टँडला लागली की चहा, कंट्रोलर भेटला की चहा, घाट चढायच्या आधी झोप उडावी म्हणून चहा. टपरीवरचा कप लहान असतो, म्हणून तो मी धरतच नव्हतो.

तुमच्या लिहिण्यात मी सहा चहा मोजले. एका कपात साखर किती पडते ते वजन करून बघा. तुमच्याकडे भाजीचा काटा असेलच. अंदाज नका धरू.

दुसरं म्हणजे साडेदहाचं जेवण. मुक्कामाच्या गाडीला मी रात्री अकराला ढाब्यावर पोटभर जेवून लगेच आडवा व्हायचो आणि सकाळी डोकं जड घेऊन उठायचो. आता डबा साडेसातला जिथे असेल तिथे खातो. रात्री वाटलंच तर ताक. महिन्याभरात सकाळचं जडपण गेलं. साखर पुढे कमी झाली, पण बरं वाटायला लागलं ते आधी.

---

वनौषधी

ताई, साखर सोडा आणि गुळाचा चहा सुरू करा, गूळ नैसर्गिक असतो. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घ्या, चरबी वितळते. शिवाय दिवसातून दोनदाच जेवा, आमच्या ऑफिसात अर्धे लोक तेच करतात. महिन्यात फरक दिसेल.

---

आहार_ओपीडी

शुभदाताई, मी आहारतज्ज्ञ आहे, एका सरकारी रुग्णालयात अठरा वर्षं काम करते. तुमच्यासारखे रिपोर्ट हातात घेऊन माझ्यासमोर रोज कुणी ना कुणी बसतं. बायका बऱ्याचदा हेच वाक्य म्हणतात, "मी खाते कुठे?" त्यात खोटं काही नसतं. उभ्या-उभ्या पोटात गेलेलं आपण खाण्यात धरत नाही, एवढंच.

आधी शेजारणीचं. चयापचय चाळिशीत मंदावतं हा समज फार पसरलेला आहे. २०२१ साली २९ देशांतल्या ६,४०० हून जास्त लोकांची मोजमापं एकत्र करून एक मोठा अभ्यास झाला, आठ दिवसांच्या बाळापासून पंचाण्णव वर्षांच्या आजोबांपर्यंत. शरीराची उंची-वजन-स्नायू जमेस धरले तर वीस ते साठ या वयात ऊर्जा खर्च करण्याचा वेग जवळजवळ तसाच राहतो. उतार लागतो तो साठीनंतर. तेव्हा तुमचं इंजिन थकलेलं नाही. त्यात काय पडतंय आणि किती वाजता पडतंय, प्रश्न तिथे आहे.

तुमचा पहिला गोड घोट सव्वाचारला आणि शेवटचा घास पावणेअकराच्या सुमारास. साडेअठरा तास झाले. एवढ्या वेळात दर दोन-तीन तासांनी काही ना काही गोड किंवा पिठाचं पोटात गेलं आहे. गोड गेलं की रक्तात साखर चढते, ती पेशींत पोचवायला स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन चढलेलं असताना शरीर साठवणीच्या कामात असतं, साठवलेली चरबी बाहेर काढत नाही. मधे मोकळा वेळ मिळाला तर ते खाली येतं आणि साठा वापरात येतो. तुमच्या दिवसात तो वेळच नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, मग स्वादुपिंडाला जास्त सोडावं लागतं. तुमचा ६.२ हा त्याचाच निरोप आहे. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह.

ट्रायग्लिसराइड्सचं तुम्हाला कोडं पडलंय, तूप तर सोडलंय. ते बहुतेक तुपाचे नाहीतच. साखर आणि पीठ गरजेपेक्षा जास्त झालं की यकृत त्याची चरबी करून रक्तात सोडतं. ट्रायग्लिसराइड्स वर, चांगलं कोलेस्टेरॉल खाली, कंबर ८८ आणि वजन मात्र बेताचं, हे चित्र आपल्याकडे फार दिसतं. आपल्या बायकांसाठी कंबरेची मर्यादा ८० सेंटीमीटर धरतात, पुरुषांसाठी ९०.

यावर पुण्यातच मोलाचं काम झालं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कितीतरी कमी जन्मतात, पण त्या लहान देहात चरबीचा वाटा तेवढा कमी नसतो. कमी असतात ते स्नायू. २००४ मध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा एक फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र एकाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हा फोटो मी ओपीडीत दाखवते. "मी जाड नाही" म्हणणाऱ्याला तो दाखवला की पुढचं बोलणं सोपं होतं.

आता रात्रीचं जेवण. तीच पोळी दुपारी एकला खाल्ली आणि रात्री साडेदहाला खाल्ली तर रात्री साखर जास्त चढते आणि जास्त वेळ चढलेली राहते. शरीराला घड्याळ आहे. अंधार पडला की मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं आणि त्या वेळी स्वादुपिंडाचा हात आखडतो. त्यात तुमची झोप पाच तासांपेक्षाही कमी. अपुऱ्या झोपेने इन्सुलिनचा परिणाम आणखी बोथट होतो. तुमच्या कामात झोप वाढवणं कठीण आहे हे मला कळतं, म्हणून निदान जेवण अलीकडे आणा.

प्रथिनं फार कमी आहेत. ५८ किलो वजनाला दिवसाला साधारण ४८ ग्रॅम लागतात. पातळ आमटीच्या वाटीत जेमतेम चार ग्रॅम असतात. तुमच्याकडे रोज उसळ शिजत असेल, तर ती आधी तुमच्या ताटात घ्या, मोठी वाटी भरून. अंडं चालत असेल तर एकात सहा ग्रॅम मिळतात. मूठभर फुटाण्यांतही तेवढेच. प्रथिनं पचवायलाच शरीर त्यातली वीस ते तीस टक्के ऊर्जा खर्च करतं, पिठाला पाच ते दहा टक्के पुरतात. आणि भूक लांबते, हे त्याहून महत्त्वाचं. जेवताना आधी कोशिंबीर-उसळ, मग पोळी, भात शेवटी आणि थोडा. एवढा क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते.

उभं राहणं म्हणजे हालचाल नव्हे, हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण तुमचे पाय दुखत असणार. पण स्नायू आकसून सैल होत राहिले की ते रक्तातली साखर जास्त ओढून घेतात, आणि चालताना ती इन्सुलिनच्या मदतीशिवायही ओढतात. म्हणून जेवल्यावर लगेच दहा-पंधरा मिनिटं चाला. सकाळी तासभर फिरायला वेळ नाही म्हणून सगळंच सोडून देऊ नका.

वनौषधी, राग मानू नका. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच आहे. थोडे खनिजांचे अंश असतात, पण चहात पडणाऱ्या गुळातून ते नावापुरतेच मिळतात, साखर मात्र चढते. मधाचंही तेच. लिंबूपाण्याने चरबी वितळत नाही. बिनसाखरेचं लिंबूपाणी तहानेला चांगलं. दोनदाच जेवायचं म्हणता ती डॉ. दीक्षितांची पद्धत. तिच्यात दोनच वेळा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायचं असतं आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं असतं. ऑफिसात लोक जेवणाचं लक्षात ठेवतात, चालायचं विसरतात. दोनदाच खा म्हणणारे दीक्षित की थोडं-थोडं वारंवार खा म्हणणाऱ्या दिवेकर, या वादात मी पडत नाही. मधल्या वेळात साखर पोटात जाऊ द्यायची नाही, एवढं तुम्ही घ्या. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण गाळू नये, साखर एकदम खाली जाऊन माणूस कोसळतो. मी असे पेशंट पाहिले आहेत.

आणि धीर धरा. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांना तीन वर्षं पाहिलं, २००६ मध्ये निष्कर्ष आले. खाणं-चालणं बदललेल्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी निघालं, एकही गोळी न घेता.

एक विचारायचं राहिलं. थायरॉइड तपासलाय का?

---

शुभदा_पोळीभाजी

दोघांचे हात जोडून आभार.

दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आज काट्यावर वाटी ठेवली आणि हाताखालच्या मंगलला म्हटलं, माझ्या चहाला रोज घालतेस तशी साखर या वाटीत घाल. आम्ही "दीड चमचा" म्हणतो. तिने चमचा डब्यात खुपसला, शीग भरून काढला, ओतला. मग अर्धा, तोही शिगेचाच. काट्यावर आकडा आला ११. मला वाटलं काटा बिघडला. वाटी रिकामी करून पुन्हा घालायला लावली. पुन्हा ११.

सहा चहांचे ६६ ग्रॅम. महिन्याचे जवळजवळ दोन किलो. दोन किलोची पिशवी फळीवरून काढली, हातात धरली आणि तशीच उभी राहिले. गोड मला आवडत नाही असं मी सगळीकडे सांगत आले. एक खोकं करून त्यात दिवसभराच्या फाटक्या-करपलेल्या पोळ्या टाकल्या, तोंडात टाकायच्या ऐवजी. दुपारी तीनपर्यंत अडीच पोळ्या निघाल्या.

आहारताई, थायरॉइडची गोळी तीन वर्षं चालू आहे, ५० ची. मागच्या महिन्यात टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीचा आकडा, ७.८ म्हणजे जास्त आला, डॉक्टर म्हणाले पुढच्या वेळी डोस वाढवू. गोळी मी न चुकता घेते, पहाटे पहिल्या चहाबरोबर.

---

आहार_ओपीडी

शुभदाताई, इथेच आणखी एक गाठ सापडली. ती गोळी चहाबरोबर घ्यायची नसते. चहा-कॉफी-दूध सोबत गेलं की गोळी आतड्यात नीट शोषली जात नाही. उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर घ्या आणि निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, पाण्याशिवाय काही घेऊ नका. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर तिच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर हवं. डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगा आणि विचारा, डोस वाढवायच्या आधी सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघू का. थायरॉइड कमी पडला की चयापचय खरोखर मंदावतं आणि कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड्सही चढतात. म्हणजे शेजारीण अगदीच चुकीची नव्हती, फक्त कारण वयाचं नव्हतं.

जेवताना किंवा जेवणाला लागून चहा घेऊ नका. त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह वाया जातं. आणि हिमोग्लोबिन बघून घ्या, तुमच्या वयात पाळी जास्त जात असेल तर ते बऱ्याचदा कमी असतं.

---

मधुरा_कर्वेनगर

शुभदाताई, जेवण अलीकडे आणायचं म्हणजे नवऱ्याच्या आधी जेवायचं, हे घरात कसं मांडणार? आमच्याकडे सासूबाई काही म्हणत नाहीत, पण ते आल्याशिवाय माझ्याच घशाखाली घास उतरत नाही. आणि उपवासाचं काय करता? संकष्टीला मी दिवसभर साबुदाण्याची खिचडी खाते. "एकादशी दुप्पट खाशी" म्हणतात ते माझ्या बाबतीत खरंच आहे.

---

शुभदा_पोळीभाजी

धागा वर काढते आहे. पंधरा आठवडे झाले. मधुराताईंना उत्तर द्यायचं राहिलं होतं, आणि सगळ्यांना रिपोर्टही सांगायचे आहेत.

आधी चहा. एकदम सोडायला गेले तर तिसऱ्या दिवशी डोकं इतकं ठणकलं की पोळ्या लाटवेनात. मग दर आठवड्याला अर्धा-अर्धा चमचा साखर कमी केली आणि सहाचे तीन कप केले. चमचाच बदलला, औषधाच्या बाटलीबरोबर येतो तेवढा छोटा ठेवलाय, तोही सपाट. आता दोन कप चहा घेते, एक पहाटे पाचला, एक दुपारी चारला. सकाळच्यात साखर नाही, दुपारच्यात एक छोटा चमचा. सुरुवातीला आठवडाभर बिनसाखरेचा चहा म्हणजे काढा वाटला. सव्वा महिन्याने दुधाचीच एक गोडी असते ती कळायला लागली. मंगलनेही तिच्या कपातली साखर अर्धी केली, मी काही न सांगता.

गोळी आता चारला पाण्याबरोबर घेते. पाण्यासाठी चाळीतल्या आजींशी बोलले. त्यांचं घर गाळ्याला लागून आहे, त्या म्हणाल्या आमचा संडास वापर की, बारा वर्षांत एकदा तरी विचारायचंस. लिटरची बाटली परातीशेजारी ठेवते, दुपारपर्यंत संपते. घसा कोरडा पडला की चहा मागायची जी सवय होती, त्यातली निम्मी तहानच होती.

सकाळी आठला डबे गेले की स्टुलावर बसते. एक वाटी उसळ, एक पोळी, कधी उकडलेलं अंडं. दहा मिनिटं गिऱ्हाईक थांबतं. पहिले दोन दिवस मला अपराधी वाटलं, गिऱ्हाइकांना काहीच वाटलं नाही. खोक्यातल्या फाटक्या पोळ्या दुपारी समोरच्या वॉचमनकाकांकडे जातात, त्यांच्याकडे दोन कुत्री आहेत.

मधुराताई, नवऱ्याच्या आधी जेवण्याचं सांगते. मी आठवडाभर काही बोललेच नाही. मग एका रात्री रिपोर्ट त्यांच्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हटलं, आईच्या पायाचं ड्रेसिंग तुम्हीही पाहिलंय, ते मला आपल्या घरात नको आहे. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, तू साडेसातला गाळ्यावरच जेवत जा, मी आल्यावर माझ्यासोबत नुसती बस. आता तसंच करते. साडेसातला एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी, घट्ट वरण. भात बंद नाही केला, दुपारी घेते, मूदभर. ते दहाला जेवतात तेव्हा समोर बसून मी ताक पिते. मग दोघे खाली उतरून रेल्वेच्या भिंतीपर्यंत जाऊन येतो, जाऊन-येऊन बारा मिनिटं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण दोघांनीच असं रोज चालायला जाणं पहिल्यांदा घडतंय. दिवसभराचं बोलणं त्या बारा मिनिटांत होतं.

साडेसातला जेवून मी लगेच पुन्हा तव्यापुढे उभी राहते, ते मात्र अजून सुटलेलं नाही. तेव्हा गाळ्यातल्या गाळ्यात पाच मिनिटं येरझाऱ्या घालते. झोपही फारशी वाढलेली नाही, दुपारी अर्धा तास पाठ टेकते तेवढंच.

उपवासाला साबुदाणा जवळजवळ सोडला, निव्वळ पिठूळ आहे तो. संकष्टीला राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक. घरच्या देवाला यात काही कमी पडत नाही असं मला वाटतं.

रिपोर्ट: उपाशीपोटी साखर १०१. एचबीए१सी ५.८. ट्रायग्लिसराइड्स १५६, चांगलं कोलेस्टेरॉल ४१. डोस न वाढवता टीएसएच ३.४. हिमोग्लोबिन १०.२ निघालं, त्याची गोळी सुरू झाली आहे, दुपारी घेते. वजन फक्त अडीच किलो उतरलं, पण कंबर ८३ झाली. परकराची नाडी बांधताना कळतं. डॉक्टर या वेळी कागद बाजूला ठेवून म्हणाले, काय काय केलंत ते सांगा. मी सांगत गेले आणि त्यांनी दोन गोष्टी लिहून घेतल्या, त्यातली एक वाटीतल्या साखरेची होती.

आणखी एक. तुमचं सगळं वाचून झाल्यावर मी माझ्या थोरल्या बहिणीच्या मागे लागले होते. ती कल्याणला असते, माझ्याहून बारीक, उन्हाळ्यात पापड-कुरडया करून विकते, आणि तिचाही दिवस चहावरच चालतो. काही होत नाही गं मला, म्हणून तिने दोन महिने टाळलं. परवा अखेर रक्त दिलं. एचबीए१सी ७.९ आला. तिला लक्षण काही नव्हतं, फक्त टाचेला एक भेग आहे, महिनाभर भरत नाहीये, तेही मी मोजा काढायला लावला तेव्हा कळलं. उद्या सकाळचे डबे मंगलवर सोपवून तिला घेऊन डॉक्टरांकडे जाते आहे. आहारताई, जाताना कुठल्या कुठल्या तपासण्या मागून घ्यायच्या ते आज रात्रीपर्यंत लिहाल का? पाय दाखवायचाच आहे, डोळ्यांचंही लगेच करावं लागेल का?

---

आहार_ओपीडी

आजच सांगते. पाय उद्याच दाखवा, थांबू नका. भेगेवर घरी काही लावू नका आणि अनवाणी चालू देऊ नका. एचबीए१सी आणि उपाशीपोटी साखर डॉक्टर बहुधा पुन्हा करून खात्री करतील. सोबत मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉलची पूर्ण तपासणी आणि रक्तदाब. डोळ्यांचा पडदा निदान झाल्याबरोबर एकदा बघतात, त्यामुळे तो याच महिन्यात. पायाला मऊ धागा टेकवून संवेदना तपासतात, ती तपासणी आवर्जून मागा. आणि बहिणीला तिचा चहाचा चमचा सोबत घेऊन यायला सांगा.